कोणालाही सांगू नये असे सहा आकडे

ती. आत्या,

तुझ्या पायांना नमस्कार. (आधी डाव्याला, कारण गुडघा दुखतो तो डावा. उजव्याने मनाला लावून घेऊ नये.) गोळी जेवणानंतर घेतेस ना? तू ती जेवणाआधीच घेतेस आणि डॉक्टरांना "विसरले" म्हणतेस, हे मला कळलं आहे. कोणाकडून ते लिहीत नाही. मोतीबिंदूची तारीख ठरली की कळव. मी इकडे ठणठणीत आहे. वजन दीड किलोने वाढलं आहे. आईला फोनवर एकच किलो सांगितलं आणि तेव्हापासून मन खातंय, म्हणून उरलेला अर्धा किलो तुझ्यापाशी कबूल करून मोकळी होते.

आता बातमी. आत्या, मी जिंकले. बँकेवर जिंकले हे आहेच, पण बँकांवर काय, लोक अधूनमधून जिंकत असतात. मी बाबांवर जिंकले. आजवर आपल्या घरात हे कोणाला जमलं होतं का, तूच सांग. तू त्यांची थोरली बहीण, पण तुलासुद्धा त्यांच्याशी बरोबरीतच सुटताना मी पाहिलं आहे.

सगळ्याचं मूळ मात्र तुझ्याकडे येतं. शाळेत जायच्या आधी दोन वर्षं तू मला स्वयंपाकघरातल्या पाटावर बसवून शिकवलंस, आणि अक्षरांच्याही आधी काय शिकवलंस, तर विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं आणि पूर्ण द्यायचं. ते शिक्षण एवढं पक्कं बसलं आहे की त्यानंतरच्या कुठल्याही शिक्षणाला त्यावर चढता आलं नाही. गेल्या महिन्यात तिकडच्या माझ्या बँकेने सगळ्या खातेदारांना एक प्रश्न विचारला: आपण सहा महिन्यांहून अधिक काळ परदेशात राहता का? माझ्या खोलीत भागीदार असलेली मुलगी (कपडे इस्त्री करायच्या दुकानात आहे, इथे येऊन नऊ वर्षं झाली) म्हणाली, या पानावर आलं की पान उलटायचं असतं. चुलतदादाने फोनवर बजावलं, "गप्प बस. बँकेला आपणहून काही सांगू नये, तिला सवय लागते." मी रात्रभर विचार केला आणि सकाळी "होय" लिहिलं. नुसतं "होय" नाही, सोबत दोन पानी अर्ज जोडला, की मला इकडे येऊन एक वर्ष सात महिने झाले, कळवायला उशीर झाला याबद्दल दिलगीर आहे, आणि या काळात जास्तीचं व्याज मिळालं असल्यास बँकेने निःसंकोच परत घ्यावं.

बँकेने अजिबात संकोच केला नाही. दुपारपर्यंत खातं गोठवलं. पैसे आत येतील, बाहेर जाणार नाहीत. परदेशी राहणाऱ्यांच्या खात्यात ते बदलून घेतलं, की मगच मोकळं होईल. हे सगळं ज्या आठवड्यात झालं, त्याच आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत धाकटीची नर्सिंग कॉलेजची फी भरायची होती. ती मी भरेन असं मी तिला शब्द देऊन बसले होते. पैसे त्याच खात्यात साठवलेले. इथून नवे पाठवायचे तर आठ दिवस लागतात, आणि बाबांची पुंजी या वर्षी छपरात गेली हे तुला माहीत आहेच. जागा सुटली तर घ्यायला यादीतली पुढची मुलगी आईला घेऊन रोज कॉलेजच्या ऑफिसात येऊन बसत होती.

खातं बदलायचा फॉर्म मी मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, आमच्या कारखान्यातच, फोनवर भरला. (आमच्याकडे कवळ्या बनतात हे तू लोकांना सांगत नाहीस आणि "दवाखान्याच्या लाइनमध्ये आहे" म्हणतेस, असं कळलं. ते खोटं नाही, पण पूर्णही नाही.) फॉर्मचं शेवटचं पान म्हणजे ओटीपी. खात्यावर नोंदवलेल्या नंबरवर सहा आकडे येतात, ते तीन मिनिटांत टाकायचे. माझं खातं मी दहा वर्षांची असताना उघडलेलं, त्यामुळे त्यावर नंबर आहे बाबांचा. मी बाबांना फोन लावला.

"आला," बाबा म्हणाले.

"सांगा."

"नाही."

मला वाटलं चष्मा सापडत नसेल. चष्मा नाकावरच होता. "इथे स्वच्छ लिहिलंय," ते म्हणाले, "हा क्रमांक कोणालाही सांगू नका."

"बाबा, मी कोणीही नाही, मी तुमची मुलगी."

"बँकेच्या कर्मचाऱ्यालासुद्धा सांगू नका, असं आहे. मुलीला सांगा असं कुठेही नाही. आणि तू तूच कशावरून? हल्ली आवाज चोरतात."

मग माझी परीक्षा झाली. आपलं भिंतीवरचं घड्याळ किती मिनिटं पुढे असतं? मी म्हटलं, सात, आणि तुम्ही वजा करता म्हणून तुमच्यापुरतं बरोबर असतं. बाबांचा आवाज एकदम मऊ झाला. "तूच आहेस," म्हणाले. "मग सांगा ना." "बाळ, तूसुद्धा 'कोणालाही'मध्येच येतेस." तीन मिनिटं संपली.

आईने मागून सांगून पाहिलं, की द्या हो, पैसे तिचे, खातं तिचं, तुम्ही कशाला वेटोळं घालून बसलाय. त्यावर बाबांनी फोन सदऱ्याच्या खिशात घालून वरचं बटण लावलं. धाकटी खुर्चीमागून डोकावू लागली तर ते खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. मी बँकेच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या मुलीने सगळं ऐकून घेतलं (मी मधल्या खुर्चीपर्यंत सगळं सांगितलं, पूर्ण उत्तर द्यायचं म्हणून) आणि म्हणाली, मॅडम, नंबर बदलून घ्या. कसा? सोपं आहे, जुन्या नंबरवर ओटीपी येईल. मग जरा थांबून हळूच म्हणाली, सगळ्यांचे वडील असे असते तर माझी नोकरी कधीच गेली असती. बुधवारी तिसरा ओटीपीही असाच वाया गेला आणि बँकेने चोवीस तासांसाठी दारच लावून घेतलं. त्याच दुपारी धाकटीचा मेसेज आला: "ताई, नाही जमलं तर पुढच्या वर्षी बघू." तिने पुढे हसरा चेहरा टाकला होता. मी तो फोन पालथा ठेवला आणि दिवसभरात एकाच माणसाला तेहतीस दात बसवले.

गुरुवारी मालकीणबाईंनी तो जबडा परत आणून समोर ठेवला. त्या फार बोलत नाहीत. आमच्याकडे प्लास्टरचे जबडे फळीवर ओळीने मांडलेले असतात, प्रत्येकावर पेशंटचा नंबर. त्यांनी फक्त नंबरावर बोट ठेवून विचारलं, "हा कोणाचा?" म्हणजे माझा नाही, त्या माणसाचा आहे, मी त्यात माझ्या मनाने काही करायचं नाही. आणि आत्या, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी सुट्टी व्हायची वाट पाहिली (पाच मिनिटं होती, कामाच्या वेळेत खाजगी फोन बरा नाही) आणि आईच्या फोनवर बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही पोस्टात किती वर्षं होता?"

"चौतीस. का?"

"कोणाचं पत्र कधी वाचलंत?"

बाबा दुखावले. अगं, उघडं पोस्टकार्डसुद्धा मी पत्त्याच्या बाजूनेच धरायचो, वगैरे. मी ते सगळं होऊ दिलं. मग म्हटलं, "बँकेचा मेसेज कोणाच्या नावाने येतो?" बाबांनी चष्मा वर केला आणि वाचलं. माझं नाव होतं. "म्हणजे निरोप मला आहे. कोणालाही कळू नये असा. तो तीनदा वाचला कोणी?"

बाबा बसल्या जागी आणखी खाली बसले. शेवटी त्यांनी विचारलं, "खातं कधी उघडलं आपण?" चौदा वर्षांपूर्वी. "चौदा वर्षं," बाबा म्हणाले, "मी दुसऱ्याचं टपाल फोडतोय." आत्या, त्या क्षणी मला जिंकल्याचा आनंदही झाला आणि रडूही आलं, पण सुट्टी वीसच मिनिटांची असते. मी म्हटलं, फोडू नका, पण पोचवाल की नाही? त्यावर ते ताठ बसले. पोचवणं हे त्यांचं काम.

बँकेचे चोवीस तास उलटून गेले होते. ओटीपी मागवला. बाबांनी डोळे घट्ट मिटले आणि मेसेज उघडून फोन आईच्या फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरला. आई आणि धाकटी याही परक्याच, म्हणून त्यांनाही भिंतीकडे तोंड करायला लावलं. अशा रीतीने घरातली तिन्ही माणसं न बघता उभी होती, आणि मला दिसत होता पंखा. मी म्हणत होते खाली घ्या, बाबा आईचा हात खाली घेत होते. मी म्हणत होते डावीकडे, धाकटी सरकत होती. शेवटी आकडे दिसले ते उलटे. मी फोन फिरवला तर चित्रही फिरलं. मग मी कामाच्या टेबलावर, दोन जबड्यांच्या मधे, डोकं उलटं टेकवलं आणि वाचत वाचत आकडे टाकले. अकरा सेकंद उरले होते. खातं बदललं, मोकळं झालं. फी भरायला पुन्हा ओटीपी लागला, पण तोवर तिघांनाही डोळे मिटून काम करायची सवय झाली होती. गुरुवारी, म्हणजे मुदतीच्या पूर्ण एक दिवस आधी, धाकटीची फी भरली आणि पावती आली. मी डोकं वर केलं तेव्हा दारात मालकीणबाई होत्या. त्यांनी फळीवरची एक तयार कवळी उचलली आणि वरचे दात खालच्या दातांवर तीनदा वाजवले. आमच्याकडे यापेक्षा मोठं कौतुक होत नाही.

तेव्हा तुझ्या भाचीचा अभिमान वाटू दे. गुडघ्याला जप.

तुझी,
दीड किलोने वाढलेली

ता. क. एक काम होतं. माझा विजय जरा जास्तच झाला आहे. बाबा आता त्या फोनवरचा कुठलाच मेसेज उघडत नाहीत, न जाणो माझा निघायचा. त्यात रिचार्ज संपत आल्याचे मेसेजही आहेत. या तीस तारखेला नंबर बंद होईल, आणि बँकेत माझा इथला नंबर लागायला अजून दीड महिना आहे. तू रविवारी जाऊन त्यांना रिचार्ज करायला लाव. समजावू नकोस, मला ते करून झालं आहे. हुकूम कर.

ता. क. २. पत्र बाबांच्याच हाती पाठवते आहे, धाकटीच्या कागदांबरोबर एका पाकिटात. वर तुझं नाव आहे, म्हणजे ते फोडणार नाहीत याची आता शंभर टक्के खात्री आहे. तरी डिंक दोनदा लावला आहे.