हिवाळ्यात मुरलेलं पाणी

साउथहॅम्प्टन,
१४ जानेवारी २०२६

प्रिय आशा,

संक्रांतीचा नमस्कार. तू बरी असशील, अजय बरा असेल, रीडिंगच्या ट्रेन नेहमीसारख्या रद्द होत असतील. आम्ही ठीक. माझा घसा जरा बसलाय, एवढंच. पद्माकर सकाळ-संध्याकाळ हळदीचं दूध पुढे करतो. आयुष्यभर लोकांना भूल देणारा डॉक्टर आता हळदीवर आलाय, असं मी म्हटलं, तर हसलाही नाही.

हे पत्र तुला आहे. पण ज्या ज्या बाईला कुणीतरी मायेने सांगितलं, ‘तुम्ही उन्हाळ्यातल्या सफरीवर जा, हिवाळ्यात तिकडे फार वाईट समुद्र असतो,’ तिलाही ते आहे. आपल्याला हेच सांगायचे ना? आपण भांडलो, अर्ज केले, दारं ठोठावली आणि समुद्र मोजायला जाणाऱ्या फेब्रुवारीतल्या बोटीवर बर्थ मिळवला. आता तीच फेब्रुवारीची सफर कायमची बंद करायला निघालेत. गुरुवारी, बावीस तारखेला, सफरींना पैसे देणाऱ्या समितीची बैठक आहे. त्या दिवशी जे ठरेल तेच शेवटचं.

तू म्हणशील, सहा वर्षं एक शब्द नाही आणि आता ही बाई पत्र लिहितेय. हो, लिहितेय. आणि आधीच सांगते, माफी मागायला लिहीत नाही. त्या सेमिनारमध्ये आपल्या अटलांटिकमधल्या पाण्याच्या थराबद्दल तू सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘थर मरतोय, सुप्रभा. अजून किती वर्षं थांबणार आहेस?’ मी म्हटलं, ‘चार ऊबदार हिवाळे आले म्हणून कुणी तेरावं घालत नाही.’ लोक हसले. तू लॅपटॉप मिटलास, महिन्याभरात नोकरी सोडलीस आणि विमा कंपनीत वादळं मोजायला गेलीस. माझं म्हणणं आजही तेच आहे. हा थर काही वर्षं रोडावतो, काही वर्षं भरतो, आणि आपल्याकडचा काळ एवढा लांब नाही की कुणी छातीठोकपणे निकाल द्यावा. मधले हिवाळे तुझ्या बाजूने गेलेत, हेही लिहून टाकते. फार खूश होऊ नकोस.

समितीने काय केलंय ते ऐक. त्यांच्या टिपणात पहिल्याच पानावर तुझा शोधनिबंध आहे. ‘हा थर घटतोय हे सिद्ध झालेलंच आहे, तेव्हा हिवाळ्यात बोट पाठवून पुन्हा मोजण्याची गरज नाही.’ तुझा निबंध, आशा! ज्याच्या शेवटच्या परिच्छेदात तू लिहिलं होतंस की दर हिवाळ्यात मोजत राहिलं पाहिजे. तो परिच्छेद त्यांनी वाचलाच नाही, किंवा वाचून बाजूला ठेवला. मला दोन्हींचा सारखाच राग येतो.

समितीत दोन हिशेबतपासनीस आहेत आणि एक बाई आहेत ज्यांनी समुद्र फक्त फेरीबोटीतून पाहिलाय. त्यांना साध्या शब्दांत सांगायला हवं. मी असं सांगितलं असतं:

हिवाळ्यात अमेरिकेच्या बाजूने कोरडा, गार वारा सुटतो आणि अटलांटिकच्या त्या कोमट पाण्यावरून जातो. वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली जातं. खालचं वर येतं, तेही गार होतं. असं घुसळत घुसळत काहीशे मीटरपर्यंत सगळं पाणी एकाच तापमानाचं होतं, साधारण अठरा अंशांचं. मग वसंत येतो. ऊन फक्त वरचा पातळ पदर तापवतं आणि तो हलका पदर झाकणासारखा बसतो. खालचा जाड थर कोंडला जातो. पण तो संपत नाही. आपल्या हिवाळ्याचा गारवा आणि तेव्हा शोषलेली हवा घेऊन तो आत आत वर्षानुवर्षं फिरत राहतो. हिवाळा कडक असेल तर थर जाड, ऊबदार असेल तर पातळ. उन्हाळ्यात गेलात तर थर भेटेल, पण तो बनताना बघायचा तर तिथे हिवाळ्यातच असायला हवं.

ते म्हणतात, आता पाण्यात तरंगणारे रोबो आहेत. आहेत, आणि मला प्रिय आहेत. पण ते दहा दहा दिवसांनी वर येतात आणि घुसळण दोन-तीन दिवसांत उरकते. आमची अन्वी, माझी शेवटची विद्यार्थिनी, इथेच जन्मलेली, परवा चिडून म्हणाली, ‘सुप्रभामावशी, रोबो झोपली होती, तेवढ्यात वादळ आली, सगळा काम करून गेली! आणि रोबोला पत्ताच नाही!’ व्याकरणाचा चुराडा झाला, पण सगळ्या समितीला मिळून जे कळलं नाही ते पोरीला कळलंय. ह्या फेब्रुवारीत ती पहिल्यांदा जाणार होती. बॅगेत थर्मल भरून बसलीय.

आपली पहिली सफर आठवते? रथसप्तमीपर्यंत चालतं म्हणून तू तिळगुळाचा डबा बोटीवर आणलास. तुझा पाक इतका कडक की डेकवरच्या मुकादमाची, त्या बोसनची, दाढ हलली. तो म्हणाला, ‘पुढच्या वेळी हे नांगराला बांधू.’ आणि माझ्याबद्दल म्हणाला की डेकवर डॉक्टर सुप्रभा असताना भोंग्याची गरज नाही. मग त्या वादळानंतर पाण्याचे नमुने घेणाऱ्या बाटल्या वर आल्या. वरच्या पाण्याची बाटली आणि तीनशे मीटर खोलीवरची बाटली, दोन्हींना हात लावला तर गारवा अगदी सारखा. तू हातमोजे काढून दोन्ही बाटल्या गालांना लावल्यास आणि ओरडलीस, ‘बनतोय! आत्ता बनतोय!’ तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. माझा मोठा असेल, पण खरा तुझा होता.

तू विचारशील, मग तूच का नाही बोलत? तुला कधीपासून दुसऱ्याची गरज पडायला लागली? आणि फोन का नाही केलास?

फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस म्हणून, असं लिहिणार होते.

खरं असं आहे की फोनवर तुला माझं काही ऐकू आलं नसतं. घसा थंडीने बसलेला नाही. बुधवारी, बैठकीच्या आदल्या दिवशी, माझं स्वरयंत्र काढणार आहेत. गाठ आहे, वेळेत सापडली, बाई जगणार आहे, असं डॉक्टर म्हणतात. पद्माकरने माझ्याशी वाद घालणं सोडलंय, त्यावरून मला आधीच कळलं होतं. तारीख पुढे ढकला म्हणून मी भांडले. अर्थात कुजबुजत. कुजबुजत भांडणं किती अपमानाचं असतं, ते तुला सांगून कळणार नाही.

रडू नकोस. रीडिंगहून फुलं पाठवू नकोस. गळ्यावर यंत्र धरून बोलायला शिकवणार आहेत, आणि त्या यंत्राच्या आवाजातही मी समितीला सोडणार नाही. पण ते शिकायला महिने लागतील आणि गुरुवार तोवर थांबणार नाही.

अन्वीला पाठवता आलं असतं. तिला ते ‘उत्साही आहे’ म्हणून चहा पाजतील आणि वाटेला लावतील. माझ्या बाजूच्या माणसाला पाठवलं, तर म्हणतील सुप्रभाचाच माणूस. पण त्यांनी जिचा निबंध ढालीसारखा पुढे धरलाय, तीच बाई समोर उभी राहिली तर? जिने ‘थर मरतोय’ म्हटलं तीच म्हणाली, ‘म्हणूनच मोजा’? मग कुणाच्या मागे लपतील ते? तू बरोबर असशील तर त्याचा पुरावा फेब्रुवारीच्या पाण्यात आहे. मी बरोबर असेन तर माझाही तिथेच आहे. आपलं भांडण मिटवायचं नाहीये मला. ते चालू ठेवायला बोट हवीय.

तेव्हा एकच कर. बावीस तारखेला सकाळी दहा वाजता समितीच्या खोलीत ये. बोलणाऱ्यांत माझ्या जागी तुझं नाव मी तुला न विचारता कळवून टाकलंय. माझ्या खुर्चीत बसू नकोस, तिच्याशेजारी उभी राहा, आणि तुझा तो शेवटचा परिच्छेद त्यांना मोठ्याने ऐकव.

सोबत तिळगूळ आहे. पाक मी केलाय, दाढ शाबूत राहील. तिळगूळ घे, आशा. आणि गुरुवारी अजिबात गोड बोलू नकोस.

आवाज गेला तरी गप्प न बसणारी,
तुझी
सुप्रभा