दुधाच्या टँकरमधले जिवाणू

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मी ठीक आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? कानातलं मशीन कानात आहे की अजून कपाटातच?

कपाटातच असणार. परवा मी फोनवर "माझे जिवाणू मेले" म्हणाले, तर तू "माझे जावई मेले" ऐकलंस आणि हंबरडाच फोडलास. अगं, जिचं लग्नच झालं नाही तिला जावई कुठून येणार? शेजारच्या बाई धावत आल्या म्हणे, तुझ्याबरोबर रडल्यासुद्धा. त्यांचं रडणं फुकट गेलं, त्यांची माझ्या वतीने माफी माग.

म्हणून आता फोन बंद, पत्र सुरू.

गावाचं सांडपाणी मी साफ करते असं तू सगळ्यांना सांगतेस, पण खरं काम जिवाणूच करतात. गावाने मोरीत जे जे ओतलं ते हौदात येतं आणि त्यांच्या पोटात जातं. खाल्लेल्यातलं थोडं जाळून ते ताकद मिळवतात आणि उरलेल्यातून अंग वाढवतात. अंग पुरेसं वाढलं की एकाचे दोन. जाळायला हवा लागते, म्हणून हौदाच्या तळातून आम्ही सतत हवा सोडतो. ती पुरते तोवर सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. गढूळ पाणी आत येतं आणि नितळ पाणी नदीला जातं.

गेल्या सोमवारी कामावर आले तर हौदावर पुरुषभर पांढरा फेस! आणि नासक्या अंड्यांचा वास. तो दुपारपर्यंत बाजारात पोचला. न्हाव्याने दुकान बंद केलं, कारण गिऱ्हाईक नाकावरचा हात काढेना आणि हात काढल्याशिवाय मिशी कापता येईना.

झालं होतं असं, की कुठूनतरी बेसुमार गोडधोड आत आलं. जिवाणू अधाशासारखे तुटून पडले. जितकं खायचं तितकी हवा ओढायची, त्यामुळे बघता बघता हवा संपली आणि बिचारे भरल्या ताटावर गुदमरले. मग तळात दबा धरून बसलेले दुसरे जागे झाले. त्यांना हवा नकोच असते. पाण्यातल्या सल्फेटवरच ते श्वासाचं भागवतात आणि बाहेर सोडतात तो हा अंड्याचा वास.

साहेबांना हे सगळं समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे तुमचं लक्ष नव्हतं." चौकशी लावलीय. माझ्या नोकरीवर गदा येईल असं दिसत होतं.

त्यात काल डेअरीचा मॅनेजर तक्रार घेऊन आला. काय तो माणूस! नाकाला रुमाल, आवाज चढलेला. "बाई, तुमच्या वासाने माझं चीज बिघडतंय!"

"वास माझा नाही, हौदाचा आहे," मी म्हटलं. "चला, ओळख करून देते."

त्याला हौदावरच्या पुलावर नेलं. तिथे त्याने रुमाल काढला, वाकला, हुंगलं, पुन्हा हुंगलं. तोंड एवढंसं झालं.

"बाई, अंड्याचा वास तुमचा. पण त्याच्याखाली एक आंबट वास आहे. तो... तो आमचा आहे."

तसाच डेअरीत पळाला. चीज बनवल्यावर निवळी उरते ना, ते साखरेचं पिवळट पाणी, ती गुरांच्या खाद्यासाठी एका टाकीत साठवतात. टाकीचा कॉक सुटीच्या दिवसांत निसटला होता आणि सगळी टाकी गटारात रिकामी झाली होती. हे सांगायला तो परत आला. आता म्हणेल, "हे आपल्यातच राहू दे," म्हणून मी वाट पाहत होते. तर म्हणाला, "तुमचे साहेब कुठे बसतात?"

आणि साहेबांसमोर उभा राहून सरळ सांगून टाकलं, "चूक आमची आहे. बाईंना सोडा." साहेबांनी त्याला चहा विचारला.

तू माझ्यासाठी तयार करतेयस त्या खोलीच्या पडद्यांचा रंग विचारला होतास. त्याबद्दल नंतर लिहीन.

तुझी,
धाकटी

२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. पडदे घेऊनही टाकलेस! निळे म्हणजे छानच.

इकडे चौकशी मिटली. वासही गेला. साधे जिवाणू परत आले, त्यांना बोलवावं लागत नाही, आयतं खायला असलं की हजर. पण अमोनिया खाणारे काही येईनात.

हे प्रकरण जरा वेगळं आहे. त्यांना गोड नको, पिठूळ नको. गावाच्या मूत्रातून जो अमोनिया येतो तो हवेच्या मदतीने जाळायचा आणि त्यावर ताकद धरायची. अंग बांधायला लागणारा कार्बन ते पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. दुसऱ्याच्या ताटाकडे ढुंकून बघत नाहीत. अशा गरिबीच्या संसारात वाढ ती काय होणार? साध्यांचं गणगोत उभं राहतं तोवर यांचं अजून एकाचे दोन होणंच चाललंय. आणि ते नसले की अमोनिया तसाच नदीत जातो. बंधाऱ्यापाशी मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते. तिथे जाळं टाकणारे म्हातारे काका रोज फाटकाशी यायचे. "बरे झाले का हो तुमचे?" असं घरच्या आजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारायचे.

शेवटी ठरवलं, शेजारच्या गावच्या हौदातला जिवंत गाळ आणून विरजण लावायचं. पण आणायचा कशातून? आमची गाडी दुरुस्तीला गेलेली. मॅनेजरसाहेब म्हणाले, "आमचा एक टँकर मोडीत काढायचाय. पुन्हा दूध भरायचं नाही त्यात. घ्या."

ताई, त्या टँकरवर हसरी गाय रंगवलीय आणि खाली लिहिलंय, "ताजं ते आमचं."

गाळ भरला, आत हवेचा पंप सोडला आणि निघालो. ड्रायव्हर, मध्ये मी आणि खिडकीशी मॅनेजरसाहेब. त्यांना यायची काही गरज नव्हती. "टँकर आमचा आहे, जबाबदारी आहे," म्हणाले. वाटेत पंपाने मान टाकली. आत हवा संपली तर पुन्हा तेच मरण. ड्रायव्हरने गाडी पिटाळली आणि चौकात हवालदाराने अडवली.

"दूध आहे म्हणून कसंही हाकायचं काय?"

"दूध नाही," मी म्हटलं. "जिवाणू आहेत."

हवालदार दोन पावलं मागे सरकला. "जिवंत?"

"अजून तरी आहेत. सोडा लवकर, कोंडलेत हो."

तेवढ्यात मॅनेजरसाहेब खाली उतरले. हा एरवी तोलून मापून बोलणारा माणूस, पण हात जोडून म्हणाला, "दादा, यांचे आधीचे सगळे माझ्यामुळे गेले. हे तरी पोचू द्या."

हवालदाराला काय समजलं देव जाणे. त्याने टोपी सारखी केली, मोटारसायकलला लाथ मारली आणि भोंगा वाजवत आमच्या पुढे निघाला. लोक बाजूला होत होते, गाय हसत होती. मी इतकी हसले, की डोळ्यांत पाणी आलं. खिडकीशी बसलेला तो पण हसत होता. हसताना तो अगदी वेगळाच दिसतो.

तुझ्याकडे यायचं आणि राजीनाम्याचं विचारलंयस. नवे जिवाणू जरा रुळू देत.

तुझी,
धाकटी

२६ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझ्या पाकिटातून एवढंच निघालं: "पहिल्या पत्रात 'तो माणूस'. दुसऱ्यात 'मॅनेजरसाहेब'. शेवटी नुसता 'तो'. हे काय चाललंय?"

कानाने कमी ऐकतेस, पण डोळे शाबूत आहेत तुझे.

आधी कामाचं. अमोनिया उतरला. नदीत मासे खाली गेले, म्हणजे दिसेनासे झाले, म्हणजे बरे आहेत. डेअरीने त्याची बढती अडवली, वर निवळीच्या टाकीची किल्लीही त्याच्याच गळ्यात घातली. तो म्हणतो, बरोबरच केलं.

महिनाभर तो रोज संध्याकाळी यायचा. पाण्याचा नमुना बघायचा आणि माझ्यापेक्षा जास्त काळजी करायचा. गेल्या आठवड्यात पुलावर उभे होतो. त्याने लांब श्वास घेतला आणि मला विचारलं,

"वास येतोय का काही?"

"नाही."

"आंबटसुद्धा नाही?"

"नाही."

"मग आता रोज यायला मला कारण काय उरलं?" बोलला आणि कान लाल झाले त्याचे. माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे, आधीचा संसार मोडलेला. मी म्हटलं, "आता इथे यायला कारण लागत नाही तुम्हाला."

बस, एवढंच बोललो. पुढचं सगळं त्यातच ठरलं.

आणि आता ते, जे मी दोन पत्रं पडद्याआड ढकलत आले. मी तुझ्याकडे राहायला येणार नाही, ताई.

भावजी गेल्यापासून घरात भांडायला कुणी नाही म्हणून तू रेडिओशी भांडतेस, हे मला कळलंय. खोली कुणासाठी रंगवलीस तेही समजतंय. लोकांना वाटेल, धाकटीला उतारवयात माणूस भेटला आणि बहिणीला विसरली. तसं नाही गं. तो भेटला नसता तरी मी आले नसते, फक्त तुला सांगायचा धीर झाला नसता. तू मला एकटी समजून बोलावत होतीस आणि मी तुला एकटी समजून 'हो' म्हणत होते. पण मला हे काम आवडतं. हा वास, हा फेस, फाटकाशी येणारे लोक, सगळं आवडतं. सोडून आले असते तर तुझ्या घरात नुसती बसून तुझ्यावरच चिडले असते.

रागावशील. रागाव. मग पत्रात शिव्या घाल, मी उत्तर देईन. आजारी पडलीस तर मिळेल त्या गाडीने येईन आणि तू हाकलून दिलंस तरी हलणार नाही.

वीस एप्रिलला सकाळी लग्नाची नोंदणी आहे. हार-तुरे काही नाहीत. माझ्या बाजूने साक्षीदार म्हणून सहीला एक माणूस लागतो. ऑफिसातले दोघंतिघं तयार आहेत, साहेबसुद्धा म्हणाले, "मी करतो की." मी कुणालाच हो म्हटलेलं नाही. ती जागा रिकामी ठेवलीय.

तुझीच, पण इथलीच,
धाकटी