अचानक पेटली म्हणालो ती बॅटरी

प्रिय ताई,

अक्षर बघून दचकू नकोस, मीच लिहितोय. दोन्ही तळहातांना पट्ट्या आहेत, त्यामुळे पेन बोटांच्या टोकांत धरून ओढावं लागतंय. बायको म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. पण हे तिला सांगून लिहून घेण्यासारखं नाही.

बातमी तुझ्यापर्यंत पोचली असेलच. आईने ती सगळ्या नातेवाइकांना कळवली आहे, आणि तिच्या तोंडून जाताना आग दर वेळी थोडी मोठी होते. शाळेच्या क्रीडादिनाचं चित्रीकरण माझ्याकडे होतं. मुलांची दप्तरं ठेवलेल्या वर्गात मी ड्रोनची बॅटरी चार्जिंगला लावली आणि चहा प्यायला गेलो. परत येतो तर दाराखालून धूर. शेजारच्या वर्गात बालवाडीची मुलं कपडे बदलत होती. मी आत घुसलो, पेटलेली बॅटरी हातांनी उचलली आणि खिडकीतून मैदानाच्या रिकाम्या कोपऱ्यात फेकली. एवढं खरं आहे, आणि सगळ्यांनी एवढंच पाहिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, कशी हो पेटली? मी म्हणालो, अचानक.

अचानक कसली, ताई. आठवडाभर ती फुगलेली होती. खाचेत बसेना, तर मी अंगठ्याने दाबून बसवत होतो. आपण दोघं मिळून धंदा करायचो तेव्हा अशीच एक बॅटरी तू वाळूच्या बादलीत नेऊन ठेवलीस, आणि ऐन हंगामात नवी घ्यावी लागली म्हणून मी दिवसभर तोंड पाडून बसलो होतो. विमानतळाजवळच्या कारखान्याचं कामही तू नाकारलंस, नकाशात तो भाग लाल, म्हणजे ड्रोनला बंदी असलेला, आहे म्हणून. तेव्हा मी गिऱ्हाइकासमोर तुला घाबरट म्हणालो. तू चार्जर गुंडाळून ठेवलास, तुझा कॅमेरा उचललास आणि ड्रोन चालवायला शिकवणाऱ्या त्या संस्थेत नोकरी धरलीस. मी मात्र सांगत सुटलो की ताईला पगाराची ऊब हवी होती, धंद्याला छाती लागते.

आता घरात माणसांची रीघ लागली आहे. सफरचंदं इतकी जमली आहेत की वास नकोसा झालाय. खालच्या मजल्यावरचे आजोबा, जे ड्रोनच्या घरघरीवरून माझा उद्धार करायचे, ते परवा नातवाला घेऊन आले आणि त्याला म्हणाले, नीट बघून घे, माणूस असा असावा. त्या पोराने माझ्या पट्टीला हळूच बोट लावलं. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. बायको फोनवर कुणाला माझी हिंमत सांगू लागली की मी न्हाणीघरात जातो आणि कोपराने नळ सोडून उभा राहतो. तिला वाटतं, हात दुखतायत.

आणि अजून एक आहे, जे कुणालाच ठाऊक नाही. ती बॅटरी लावून मी ड्रोन मुलांच्या कवायतीवरून नेणार होतो, अगदी कमी उंचीवरून. बाईंना चेहरे जवळून हवे होते, मला पुढच्या वर्षीचं काम हवं होतं. माणसांच्या डोक्यावरून उडवायचं नाही हे काय मला माहीत नव्हतं? जमिनीवर पेटली म्हणून मी शूर ठरलो. वर पेटली असती तर काय झालं असतं, ते लिहायला लागलो की पेन पुढे सरकत नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

आता हे सगळं का लिहितोय ते सांगतो. येत्या रविवारी ड्रोनचालकांच्या संघटनेने माझा सत्कार ठेवलाय, आणि वर बॅटरीची काळजी या विषयावर मलाच बोलायला सांगितलंय. भाषण लिहायला बसलो, तर एकेक वाक्य तुझंच निघालं. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, चार्जिंगला लावून उठून जाऊ नका, नकाशातल्या लाल भागात उडवू नका. यातलं काय काय मी मोडलं, ते तिथे उभं राहून सांगायचं ठरवलंय. परवाना जाईल, बायकोची मान खाली जाईल, आई बोलायची बंद होईल. कळतंय सगळं, आणि म्हणूनच टाळ्या सुरू झाल्या की मी कच खाईन. तुझी माफी मी तुझ्या दारात येऊन मागेन, त्यासाठी तुला बोलवत नाही. तू फक्त ये आणि पहिल्या रांगेत बस. तुझ्या तोंडावर मला कधीच खोटं बोलता आलेलं नाही. तू आली नाहीस, तर मी तो सत्कार घेईन आणि हसत घरी येईन. मी मला ओळखतो.

तुझाच,
धाकटा