श्रावणात सोडलेली गोळी

२४ जुलै, गुरुवार. वरसे

उद्यापासून श्रावण, म्हणून आमच्या ह्यांचं आज सगळं उरकून घेणं चाललंय. मटण, बाटली, कंपनीतले दोन मित्र. मी जेवण वाढून माझी गोळी घ्यायला डबी उघडली, तर मित्रांसमोर म्हणतात, "मी महिनाभर थेंबाला शिवत नाय. हिला म्हणावं, एक दिवस गोळी सोडून दाखव!" दोघं हसले. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, सोडते. मीपण श्रावण पाळते.

तोंडातून गेलं खरं.

गोळी : सकाळी १, रात्री १. शेवटच्या.

२५ जुलै

घेतली नाही. दिवस बरा गेला. दोन वर्षं उगाच घाबरत होते म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी पेणच्या स्टँडवर पहिल्यांदा झालं होतं. छाती धाडधाड, हातापायाला मुंग्या, वाटलं संपलं. हार्टचा कागद चांगला आला. पेणच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनाचं आहे. दोन औषधं दिली. एक रोजचं, हळूहळू लागू पडणारं, आणि ही गोळी, "फक्त तीन आठवडे". पहिल्याने मळमळायचं, आठ दिवसांत बंद केलं. हिने अर्ध्या तासात शांत. मग कोण सोडतंय! मेडिकलवाला जुन्याच चिठ्ठीवर देत राहिला. आधी एक, मग दोन.

पण खोटं कशाला बोलू, त्या गोळीने मला माणसात आणलं. नाहीतर वरशातून पेणला जाऊन गणपतीच्या कारखान्यात बसणं सोडाच, दळण आणायला बाहेर पडत नव्हते.

२७ जुलै

दोन रात्री टक्क जागी. घाम. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. हे मात्र खुशीत. दूध पितात आणि घोरतात. विचारलं, तुम्हाला काहीच होत नाय? "मन घट्ट लागतं गो," म्हणे. तांब्या फेकून मारावासा वाटला.

२९ जुलै, नागपंचमी

काय लिहू. आज हात गेला.

कारखान्यात मी आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे. अकरा वर्षं. रंग कुणीही भरेल, डोळे आप्पा दुसऱ्या कुणाला देत नाहीत. कारखाना त्यांचा, नजर त्यांची. आज झिरो नंबरचा ब्रश धरला आणि टोक थरथरायला लागलं. मनगटाखाली डावा हात घेतला, श्वास धरला, तरी रेघ पापणीवरून खाली घसरली. पुसून पांढरा दिला, पुन्हा काढली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाप्पा चक्क तिरळे.

आप्पा मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. ओरडले असते तर बरं होतं. हळूच म्हणाले, "सुनंदा, तू पितांबरं घे चार दिवस. डोळे वैशालीला करू दे."

वैशाली! तिला ब्रश धरायला मी शिकवलं.

पितांबरं रंगवली. पिवळा, पिवळा, पिवळा.

३१ जुलै

पेणच्या एस.टी.त नागोठण्यालाच उतरले. छाती, मुंग्या, सगळं पहिल्यासारखं, उलट दुप्पट. पर्सच्या आतल्या कप्प्यात पट्टी होती. (सोडली होती तर पर्समध्ये कशाला ठेवली होतीस गं बाई?) घेतली. अर्ध्या तासाने जग जागेवर. बाकावर बसून रडले. गोळीचा राग, ह्यांचा राग, सगळ्यात जास्त माझा.

घरी सांगितलं. हे म्हणाले, "मोडलास ना श्रावण?"

२ ऑगस्ट, शनिवार

डॉक्टरीणबाईंकडे. दोन वर्षांनी तोंड दाखवलं. वाटलं होतं बोलतील. बोलल्याच, पण भलत्याच गोष्टीवरून.

"एका दिवसात बंद? फिट आली असती म्हणजे? हे मटण-मासे आहेत का श्रावणात सोडायला?"

म्हटलं, आमचे हे दारू सोडतात की दर वर्षी.

"रोज पिणारा असता तर त्यालाही असं एकदम सोडू दिलं नसतं. तुमच्या अंगाला गोळीची सवय झालीय. ह्यात मन घट्ट-सैल असं काही नाही."

हे वाक्य ह्यांना ऐकवायला म्हणून दोनदा म्हणवून घेतलं.

मग कागद काढला. आधी दहा दिवस पूर्वीसारख्याच दोन. मग सकाळची पाऊण. मग थांबायचं, बघायचं, मग अर्धी. जोडीला ते हळू लागू पडणारं औषध पुन्हा, ह्या वेळी जेवणानंतर. मळमळलं तर फोन करायचा, परस्पर बंद करायचं नाही. विचारलं, सुटायचं कधी? मार्च लिहिलं. पेन्सिलीने. म्हणाल्या, पुढे-मागे होईल.

आठ महिने! म्हणजे पुढच्या वर्षीच्या मूर्तींना हात लागलेला असेल.

९ ऑगस्ट

हात ताळ्यावर. आप्पांनी पाहिलं, डोळे परत दिले. खूश व्हायला हवं होतं. पण ब्रश मी धरलाय की गोळीने, हेच कळेना.

वैशालीने डबीतून गोळी घेताना पाहिलं. खोटं बोलायचा कंटाळा आला होता, सांगून टाकलं. तर ती काय म्हणावी? "ताई, मला पन दे ना एक. आखनीला बसले की माझं बी काळीज उडतं."

अशी ओरडले तिच्यावर! "चणे-फुटाणे हायत का गो हे?" बिचारी परत रंगाकडे वळली. दुपारी तिच्याबरोबर डबा खाल्ला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. ऐकून म्हणाली, "मंग आप्पांना का नाय सांगत?" मी डबा धुवायला उठले.

१३ ऑगस्ट

सकाळची पाऊण, आजपासून. ब्लेडने कापली. ब्लेडने बाप्पाची नखं कोरणारी मी, पण गोळीचा पाव तुकडा उडून शेगडीखाली गेला. गुडघ्यावर बसून शोधला. शोधताना स्वतःचीच लाज वाटली.

उरलेले पाव पाव तीन जमले की एका सकाळची पाऊण म्हणून वापरा, नाहीतर फेका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. डबीत ठेवलाय.

२० ऑगस्ट

कंटाळा. संताप. झोप तुटक. पावाने एवढा फरक? हे म्हणतात, "माझं बघ, गौरी-गणपती झाले की सुटलो." ह्यांना सुटायची तारीख आहे आणि सुटून परत बाटलीकडेच जायचंय, तरी मर्द हेच! डॉक्टरीणबाईंचं वाक्य ऐकवलं. ऐकून घेतलं. म्हणाले, "आठ महिने म्हंजे लयच गो." पहिल्यांदाच नीट विचारलं, नक्की काय होतं तुला म्हणून.

२६ ऑगस्ट, मंगळवार. हरितालिका

उपास धरला नाही. डॉ.चं बोलणं: एका वेळी एकच गोष्ट सोडा.

आमचा गणपती घरी आला. आमची मूर्ती दर वर्षी मी डोळ्यांशिवाय आणते, घरी बसून आखते. लग्नापासूनचं आहे. काल आप्पांना सांगितलं सगळं. ते नुसते "हं" म्हणाले. मग निघताना, "पुढच्या वर्षी वैशालीला तुझ्या शेजारी बसव." म्हणजे काय समजायचं? मदतीला, की जागेवर?

दुपारी पाट मांडला. ब्रश घेतला. उजवा डोळा झाला, छान झाला, अगदी रोजच्यासारखा. डाव्याला टेकवला आणि टोक हललं. लगेच उचलला. डाग नाही पडला.

म्हणून वही घेऊन बसलेय. डबीत पाव पाव चौदा तुकडे आहेत. एक घेतला तर अर्ध्या तासात डावा डोळा होतो. कुणाला कळायचंही नाही.

हे दोनदा डोकावून गेले. बाप्पाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, डबीकडे बघितलं. मला वाटलं आता बोलतील. बोलले, "चहा ठेवू का गो?"

म्हटलं ठेवा.

चहा होईपर्यंत हात थांबतो का बघते. मग पुन्हा ब्रश धरीन.