कोंबडीखालचं मोराचं पिल्लू

नागपूर, रविवार
जानेवारी १९८२

प्रिय दादा,

तू गेल्यानंतरचं तुझं पुण्यानुमोदन आज झालं. भन्तेजी सकाळी आले. वंदना झाली, मग जेवणं. उमरेडकडची मंडळी दुपारच्या बसने परत गेली, भाड्याची भांडीही गेली. मी फार थकले आहे. तरी लिहायला बसले, कारण सगळे गेल्यावर तुझी सुमी मला म्हणाली, "आत्या, मी नाही जाऊन राहिली नर्सिंगले. तू एकटी कशी राहशीन?"

परवा तिला औरंगाबादला निघायचं आहे. प्रवेश मिळाला तेव्हा तू खाटेवरूनही किती हसला होतास! मी लगेच "जा" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. वहिनी गेल्यापासून तिला मीच वाढवलं ना रे? आता या घरात तीच आहे मला.

असं काही असलं की मी तुलाच विचारायचे. आता कोणाला विचारू?

गावचं ते मोराचं पिल्लू आठवतं तुला? कापसाच्या पऱ्हाटीत तण काढायला डवरा चालला होता, लांडोर अंड्यांवरून उठून गेली ती पुन्हा आलीच नाही. तू तिची अंडी टोपीत घालून आणलीस आणि आपल्या खुडूक कोंबडीखाली, तिच्याच अंड्यांत ठेवून दिलीस. लांडोरीच्या अंड्यांना आठवडाभर जास्त ऊब लागते, हे आपल्याला कुठे माहीत होतं?

कोंबडीची पिल्लं निघाली. ती त्यांना घेऊन उठली आणि मागे उरलेली अंडी गार पडायला लागली. तू तिला उचलून पुन्हा अंड्यांवर बसवलंस आणि वरून डालं पालथं घातलंस. किती चोची मारल्या तिने तुला! तिची पिल्लं मी चुलीजवळ टोपल्यात सांभाळली. एवढं करून लांडोरीचं एकच अंडं फुटलं.

ते पिल्लू कोंबडीच्या मागे मागे फिरायचं. तिच्याहून उंच झालं तरी तिच्या पंखाखाली शिरायचं. "पाय बाहेर, डोकं अंदर!" म्हणून तू हसायचास. मग एका संध्याकाळी ते उडालं आणि कडुनिंबावर जाऊन बसलं. कोंबडी खाली उभी राहून ओरडत राहिली.

आजी कात्री घेऊनच आली. "पंख छाट गा त्याचे. नाही तं जाईन ते जंगलात."

मी रडत होते. "दादा, थोडेसेच छाट न!"

"थोडेसे म्हंजे किती वं? तुही वेणी अर्धी कापून पाहू का?"

"रानमांजर खाईन त्याले!"

"अन् पंख छाटल्यावर कुत्र्यानं धरलं तं?"

आजीच्या हातातली कात्री घेऊन तू छपरावर फेकलीस. त्यासाठी मारही खाल्लास. पण नंतर रोज संध्याकाळी काठी घेऊन त्या झाडाखाली तूच बसायचास. ते पिल्लू ओढ्यापलीकडच्या मोरांत मिसळलं त्या दिवशी तू जेवला नाहीस. विचारलं तर म्हणालास, "भूक नाही." मला ते खरंच वाटलं. कितीतरी वर्षं मी समजत होते की तुला त्याचं काही वाटलं नाही.

मला सांगायचं होतंस रे! आपण जाऊ देतो आणि तरी आतून तुटतं, एवढं तरी. पण मीही तुझ्यासारखीच अबोल. कोणाला बोल लावू?

सुमी शेजारी मैत्रिणीकडे गेली आहे. ती आली की तिला "जा" म्हणून सांगते. परवा बसमध्ये मीच बसवून देईन. आणि तुझ्यासारखं "भूक नाही" म्हणणार नाही. मला जड जातं आहे, हेही तिला सांगेन. हा शब्द देते तुला.

नळ आला आहे. उठते, बादल्या भरून ठेवते.

तुझी
शांता