फीत अजून सुटलेली नाही

ती. मामांच्या पायांशी,

भाच्याचा नमस्कार. तुमचा गुडघा आता वाकतो का? मामीचा माझ्यावरचा राग उतरला का? (उतरला नसेल तर हे पत्र लपवा.) मी खुशाल आहे, म्हणजे तसंच लिहायचं असतं.

तुम्ही म्हणायचात, हा शाळेतून पळाला, गॅरेजातून पळाला, एक दिवस पळण्यातच नाव काढेल. तर मामा, काल राजरोस पळालो. इथल्या डोंगरातल्या आदिवासी वस्तीला फिरता दवाखाना हवाय, त्याचे पैसे जमवायला शर्यत होती. आमच्या लाँड्रीतून एक माणूस द्यायचा होता. मुकादम म्हणाला, हा तसाही एका जागी टिकत नाही, आणि चादरींच्या ढिगामागून मला ओढून नाव लिहून मोकळा झाला. तेव्हापासून छातीत अशी धडधड, की इस्त्रीच्या मशीनपेक्षा मोठी वाटायची.

त्यात शर्यत वस्तीच्या रीतीनं. तिथलं एकेक म्हातारं माणूस आपल्या मनगटाची फीत पळणाऱ्याच्या मनगटाला बांधतं. दोघांनी मिळून पोचायचं, आणि गाठ म्हाताऱ्यानंच सोडायची. माझ्या वाट्याला सत्तरीची आजी. मी अर्धमेला. ही वाटेत गचकली तर वस्तीला काय तोंड दाखवू? दर वळणावर विचारायचो, आजी, बसायचं का? ती मुकाट बसायची. तिसऱ्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "बाळा, मी तुझ्यासाठी बसतेय. ओठ बघ कसे काळे पडलेत." आरसा नव्हता, म्हणून मी बोटानं ओठ चाचपत राहिलो. शेवटचा चढ तिनं मला ओढत नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या (कोणासाठी ते विचारू नका). पुढे तंबूत डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, दोनदा लावली (दोनदा का, मामा?), आणि उद्या मोठ्या तपासणीला या म्हणाल्या. पाणी पिऊन येतो म्हणालो, आजीनं अजून न सोडलेली फीत दातानं तोडली आणि सुटलो. अख्ख्या शर्यतीत खरा पळालो तो तेवढाच.

बाकी सगळं ठीक. आईला फक्त सांगा, पोरगा पोचला.

तुमचा भाचा

ता. क. बाबा चाळिशीच्या आत गेले. त्याआधी त्यांना नेमकं कुठे दुखायचं? मी लहान होतो, मला कोणी सांगितलंच नाही. पत्र नको, फोन करा.

ता. क. आणखी एक. फोन संध्याकाळी केलात तरी चालेल. आजी सकाळीच खोलीवर आलीय, उरलेली फीत घेऊन. माझ्या उजव्या मनगटाला बांधून खाटेवर बसलीय. इथून पुढे अक्षर वाकडं आलं तर समजा, ती उठली.