घरचा आकडा

१२ जून, रविवार

प्रिय ताई,

चार महिने पत्र नाही, फोनवरही तुला दोन वाक्यांत कटवलं. माफ कर. कामाचं निमित्त सांगता आलं असतं, पण आज खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

बाबांच्या पावलांवर सूज आहे. चपलेचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत सैल केला. परवा जेवताना म्हणाले, "तुझी भाजी नि तुझा स्वभाव एकाच पातेल्यात शिजतात वाटतं. दोन्ही अळणी." स्वतःच हसले आणि मग बराच वेळ धापा टाकत राहिले.

मंगळवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूत्रपिंडं जेमतेम दहा टक्के चालताहेत, डायलिसिसची तयारी करा. मग माझी वही चाळत म्हणाल्या, "रक्तदाब तर दोन वर्षं इतका छान राखलात. मग एवढ्या झपाट्याने कसं ढासळलं?" मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, दुःखाने.

ताई, वहीतला एकही आकडा मनाचा नाही. रोज सकाळी दंडाला पट्टा बांधायचा. पहिला आकडा एकशे सत्तर. बाबा म्हणायचे, "हा पाहुण्यांचा. पुन्हा घे." दुसरा एकशे साठ. "हा शेजाऱ्यांचा." चौथ्या-पाचव्यांदा कधीतरी एकशे अडतीस यायचा. "हं, हा घरचा. हा लिही."

मी तेवढाच लिहायचे. दिसेल तो प्रत्येक आकडा लिहा, असं बाईंनी बजावलं होतं. पण गोळी वाढली की बाबांना गरगरायचं, आणि त्यांचा पडलेला चेहरा मला बघवत नसे. गोळी वाढलीच नाही. तुला मात्र कळवत राहिले, "आकडे बरे आहेत."

माझ्या रोजनिशीत सगळे आकडे आहेत, पहिल्यासकट. तिथे मला लपवता येत नाही. म्हणजे दोन वर्षं खरं माझ्याच कपाटात पडून होतं.

बाबांशी बोलले तर म्हणतील, "मीच तुला तसं लिहायला लावलं." मला तेच ऐकायचं आहे, म्हणून बोलत नाही. गेलेलं काही परत येणार नाही. पण बाई अजूनही त्या वहीवरूनच गोळी ठरवताहेत.

रागाव. उत्तर नाही आलं तरी समजेन.

तुझी,
धाकटी

उद्या: रोजनिशी डॉक्टरीणबाईंच्या हातात देणे.